हायब्रिड घ्या, पण साडेतीन लाख जास्त मोजून नको

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. घरचं आठ एकर वावर आहे, विहिरीला पाणी बरं आहे. सध्या २०१२ ची स्विफ्ट डिझेल वापरतो. ती अजूनही २० चा अ‍ॅव्हरेज देते, पण आता सारखी कामं काढते आणि तिची १५ वर्षंही भरत आली. आईचे गुडघे दुखतात. गाडी बसकी असल्यामुळे तिला उतरवताना दोघांना धरावं लागतं. शाळेत जाऊन-येऊन रोज ४४ किलोमीटर, महिन्यातून एकदा आईला दाखवायला अमरावती, अधूनमधून नागपूर, असे वर्षाला १४ हजार किलोमीटर होतात.

नागपुरात एका डीलरकडे दोन ग्रँड विटारा पाहिल्या. दोन्ही ऑक्टोबर २०२२ च्या, एमएच-४९ पासिंगच्या. एक ऑटोमॅटिक, ५८ हजार चाललेली, किंमत १३ लाख ६० हजार. दुसरी गिअरची, ५१ हजार चाललेली, १० लाख १० हजार. डीलर दोन्हींना हायब्रिडच म्हणतो. महागडीबद्दल म्हणाला, "२८ चा अ‍ॅव्हरेज आहे, हप्ता पेट्रोलच्या बचतीतूनच निघतो." साळा म्हणतो, "भाऊजी, बिनधास्त घ्या." बायको म्हणते, "वरच्या साडेतीन लाखात तं अख्ख्या वावरात ठिबक होते." जुनी गाडी विकून आणि हातचे पैसे घालून स्वस्तातली कर्जाशिवाय बसते. महागडीसाठी वरचे साडेतीन लाख शिक्षक पतसंस्थेतून ११ टक्क्यांनी, पाच वर्षांच्या मुदतीने काढावे लागतील. बॅटरीचीही भीती वाटते. काय करू?
एक वाचक, ता. दारव्हा

उत्तर : नमस्कार गुरुजी. आधी निकाल सांगतो, मग कारणं. १३ लाख ६० हजारांना ही गाडी घेऊ नका. तीच गाडी १२ लाखांपर्यंत खाली आली आणि खाली सांगितलेल्या तपासण्यांत पास झाली, तर खुशाल घ्या. गाडी चांगली आहे, पण तुमच्या रोजच्या धावण्यातून तिची किंमत वसूल होत नाही. तुमच्या घरातल्या दोन सल्ल्यांपैकी वहिनींचा सल्ला मला जास्त पटला.

दोन्ही गाड्यांना हायब्रिड म्हणून डीलर खोटं बोललेला नाही, पण अर्धंच बोलला आहे. गिअरची गाडी 'माइल्ड हायब्रिड' आहे. मारुती तिला स्मार्ट हायब्रिड म्हणते. २०१५ मध्ये सियाझ आणि एर्टिगाच्या डिझेल गाड्यांवर 'एसएचव्हीएस' असं लिहून येऊ लागलं, त्याच जातीची ही व्यवस्था. सिग्नलला इंजिन बंद करणं, पुन्हा चालू करणं आणि वेग घेताना इंजिनाला किंचित हातभार लावणं, एवढंच तिचं काम. ही गाडी नुसत्या विजेवर एक फूटही चालत नाही. जुन्या गाड्यांच्या बाजारात 'हायब्रिड' म्हणून विकायला असलेल्या बऱ्याच गाड्या या प्रकारच्या असतात. त्यांच्यासाठी साध्या पेट्रोल गाडीपेक्षा एक रुपयाही जास्त देऊ नये, असं माझं मत आहे.

महागडी आहे ती 'स्ट्राँग हायब्रिड', म्हणजे इंजिनासोबत विजेची मोटरही जिची चाकं फिरवते ती. होंडा सिटीची ई:एचईव्ही, टोयोटाची हायरायडर हायब्रिड, इनोव्हा हायक्रॉस या तिच्या भाऊबंद. ओळखायची सोपी खूण आरसी बुकावर आहे. ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडचं इंजिन तीन सिलिंडरचं, १४९० सीसीचं असतं; माइल्डचं चार सिलिंडरचं, १४६२ सीसीचं. डीलर काहीही म्हणो, हे दोन आकडे आरसीवर स्वतः वाचा. दुसरी खूण गाडीतच आहे. स्ट्राँगला क्लच नसतो, बटण दाबलं की इंजिनाचा आवाज न होता पडद्यावर 'रेडी' असं येतं आणि उभ्या जागेवरून गाडी बहुतेक वेळा आवाज न करता सरकते.

आता ती पेट्रोल वाचवते कशी, ते समजून घ्या, कारण तुमचं उत्तर त्यातच आहे. तिच्या बॅटरीला चार्जर लावायचा नसतो. ब्रेक दाबला, उतार लागला की मोटरच जनित्राचं काम करून वीज बनवते आणि बॅटरीत भरते. ती वीज पुन्हा गाडी उचलताना वापरली जाते. बॅटरी अगदी लहान आहे. ग्रँड विटारात ती जेमतेम पाऊण युनिट वीज साठवते, महावितरणच्या बिलावर असतं तेच युनिट. एवढ्याशा विजेवर गाडी लांब जात नाही. तीच वीज थोडीथोडी करत सारखी भरते आणि वापरली जाते, तेव्हा कुठे पेट्रोल वाचतं. म्हणून ज्या रस्त्यावर सारखं थांबावं-निघावं लागतं, तिथे हिची खरी कमाई. नागपुरात सीताबर्डी ते वर्धमाननगर रोज संध्याकाळी गाडी काढणाऱ्याला ती भरभरून देते. समृद्धी महामार्गावर शंभराच्या वेगाने सरळ जाताना मात्र ब्रेकच लागत नाही, मग बॅटरीत भरणार काय? तिथे सारा भार इंजिनावरच पडतो आणि फरक बराच घटतो.

तुमचा रस्ता या दोन्हींच्या मधला आहे. पन्नास-साठचा वेग, गावागावांत स्पीडब्रेकर, मधेच बैलगाडी, कापसाच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. अशा सावकाश चालीत स्ट्राँग हायब्रिड बरा अ‍ॅव्हरेज देते, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. तरी २८ विसरा. कंपनीचा २७.९७ चा आकडा चाचणीतला आहे. ठरलेला वेग, ठरलेला वेळ, रोलरवर चालणारी गाडी. आपल्याकडच्या मे महिन्यात एसी पूर्ण लावून, मागे तीन माणसं बसवून तो निघत नाही. शिवाय पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल येतं आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्याचाही थोडा फटका बसतो, अर्थात दोन्ही गाड्यांना सारखाच.

हिशेबासाठी स्ट्राँगला २२ धरू आणि गिअरच्या माइल्डला १६. पेट्रोल १०५ रुपये लिटर. तुमच्या चालवण्याने हे आकडे एखाद-दुसऱ्याने इकडेतिकडे होतील. ते बदलून पाहा, पण हिशेबाची रीत हीच ठेवा.

हजार किलोमीटरला २२ च्या गाडीला साडेपंचेचाळीस लिटर लागतं, १६ च्या गाडीला साडेबासष्ट. वाचलं १७ लिटर, म्हणजे १,७८५ रुपये. हा एक आकडा वहीत लिहून ठेवा. वर्षाला १४ हजार किलोमीटर चालणाऱ्या तुमच्या घरात वर्षाची बचत झाली २५ हजार, महिन्याची दोन हजारांच्या जरा वर.

आता समोरची बाजू. वरचे साडेतीन लाख पतसंस्थेतून ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले, तर महिन्याचा हप्ता ७,६०० रुपयांच्या आसपास येतो. पाच वर्षांत नुसतं व्याजच एक लाखावर जातं. म्हणजे महिन्याला ७,६०० जाणार आणि पेट्रोलमधून २,१०० परत येणार. 'हप्ता बचतीतून निघतो' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता ऐकलं की राग येतो, कारण ते नेमकं पगारदार माणसाला गाठून बोललं जातं. पगारातून हप्ता परस्पर कापला जातो, त्यामुळे वसुलीची चिंता नसते. बचत झाली की नाही, हे विचारायला डीलर पाच वर्षांनी थोडाच येणार आहे.

व्याज बाजूला ठेवलं, तरी साडेतीन लाखांना १,७८५ ने भागा. १ लाख ९६ हजार किलोमीटर चालल्यावर दोन्ही गाड्या बरोबरीला येतात. तुमच्या धावण्याने १४ वर्षं. गाडी आजच ५८ हजार चाललेली आहे, म्हणजे मीटरवर अडीच लाखांच्या वर आकडा जाईपर्यंत तुम्ही उधारीतच. उद्या पेट्रोल १२० झालं, तरी बरोबरीला येण्यासाठी १ लाख ७० हजारांच्या वर किलोमीटर लागतातच. 'पेट्रोल वाढत जाणार, हायब्रिड घेऊन ठेवा' असं सांगणाऱ्यांनी हा भागाकार एकदा करून पाहावा.

पत्रातली एक गोष्ट तुमच्या स्वतःच्या नजरेतून सुटली आहे, असं मला वाटतं. तुमची जुनी स्विफ्ट २० चा अ‍ॅव्हरेज देते. वर्षाला ७०० लिटर डिझेल, ९१ रुपयांनी धरलं तर ६३-६४ हजार रुपये. स्ट्राँग हायब्रिडला वर्षाला ६३६ लिटर पेट्रोल लागेल, ते होतात जवळपास ६७ हजार. म्हणजे १३ लाख ६० हजार मोजूनही तुमचा इंधनाचा खर्च आजच्यापेक्षा कमी होणार नाही, थोडा वाढेलच. डीलरने दाखवलेली बचत त्याच्याच दुसऱ्या गाडीच्या तुलनेत आहे. तुमच्या खिशाला ती कधी दिसणार नाही. गाडी बदलायची कारणं तुमच्याकडे खरी आहेत : आईचे गुडघे, कामं काढणारं इंजिन, १५ वर्षांनंतर नोंदणी नव्याने करून घेण्याची कटकट आणि त्यावरचा पर्यावरण कर. त्या कारणांसाठी जरूर बदला. इंधन वाचवण्यासाठी बदलतो आहोत, अशी स्वतःची समजूत मात्र घालू नका, कारण त्याच समजुतीवर माणूस साडेतीन लाख सहज जास्त देऊन येतो.

मग किती द्यायचे? हिशेब उलटा करा. समजा ही गाडी तुम्ही सहा वर्षं ठेवणार. सहा वर्षांत ८४ हजार किलोमीटर, हजाराला १,७८५ प्रमाणे दीड लाख. पेट्रोलच्या बचतीपोटी स्ट्राँग हायब्रिडला गिअरच्या गाडीपेक्षा फार तर दीड लाख जास्त देणं शोभतं. म्हणजे ११ लाख ६० हजार. ती विकताना थोडी जास्त किंमत येईल खरं, पण तेव्हा ती दीड लाख किलोमीटरच्या जवळ पोचलेली असेल आणि बॅटरीची वॉरंटी संपलेली असेल, म्हणून त्या आशेवर मी फार मोजणार नाही. कर्जाचं व्याज आणि विकतानाची ती जास्तीची किंमत, दोन्ही एकमेकांत गेली असं धरा. क्लच नसण्याच्या आरामाचे ४० हजार घाला, तो आराम खरा आहे. झाले १२ लाख. यापुढचा प्रत्येक रुपया हौसेचा. हौस असायला हरकत नाही, फक्त ती पतसंस्थेच्या पैशाने करू नये.

किलोमीटर बदलले की उत्तरही बदलतं, हेही सांगतो, नाहीतर तुमच्या शाळेतले दुसरे कुणी हे वाचून उगाच नाही म्हणून बसतील. औषध कंपनीच्या कामासाठी यवतमाळ, अमरावती, अकोला असा वर्षाला ४० हजार किलोमीटर फिरणारा माणूस असेल, तर त्याची बचत वर्षाला ७१ हजारांवर जाते आणि साडेतीन लाख पाच वर्षांत वसूल होतात. त्याला मी 'घे' म्हणेन. आणि घरात ऑटोमॅटिकच हवी असेल, तर तुलना गिअरच्या गाडीशी न करता त्याच वर्षाच्या साध्या ऑटोमॅटिकशी करायची. तिची किंमत जास्त आणि अ‍ॅव्हरेज कमी असतो, त्यामुळे फरक आपोआप लहान होतो. तुमच्या पत्रावरून तसं दिसत नाही. इतकी वर्षं गिअरची चालवताच आहात.

आता बॅटरीच्या भीतीबद्दल. ती तुम्हाला वाटते तेवढी मोठी गोष्ट नाही. मारुती, टोयोटा आणि होंडा तिघीही या गाड्यांच्या हायब्रिड बॅटरीवर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांतलं जे आधी होईल तोपर्यंत वॉरंटी देतात. ऑक्टोबर २०२२ ची गाडी म्हणजे ऑक्टोबर २०३० पर्यंत. फक्त ही वॉरंटी दुसऱ्या मालकाला लागू राहते का आणि कुठल्या अटींवर, हे डीलरच्या तोंडून ऐकू नका. चासी नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा आणि लेखी घ्या. त्याच वेळी वॉरंटीबाहेर बॅटरी बदलायची झाली तर किती पडतील, याचंही कोटेशन मागा. तो आकडा माहीत असला की भीती आपोआप आटोक्यात येते.

माझी काळजी वेगळी आहे, ती आपल्या भागाची. अशा बॅटरीला पंख्याची हवा लागते. ती हवा गाडीच्या आतूनच, सहसा मागच्या सीटजवळच्या जाळीतून ओढली जाते. शहरात त्या जाळीवर जॅकेट पडलं तर पडलं. आपल्याकडे मागच्या सीटवर सरकीचं पोतं, खताची गोणी, ढेप असं काय काय येतं. कापूस वेचणीच्या दिवसांत तर माणसांच्या अंगावरूनच गाडीत कापूस येतो. जाळीत बोंडाचे तंतू आणि पांदण रस्त्याची लाल-काळी धूळ अडकली की पंखा जोरजोरात फिरायला लागतो, बॅटरी तापते आणि गाडी तिच्याकडून काम कमी करून घेते. पहिला फटका अ‍ॅव्हरेजला, पुढचा बॅटरीच्या आयुष्याला. गाडी बघायला जाल तेव्हा ती जाळी कुठे आहे ते विचारा, मोबाइलचा टॉर्च लावून आत बघा. तिथे बोटभर धूळ बसलेली दिसली, तर आधीच्या मालकाने गाडी कशी ठेवली ते कळतंच. घेतलीत, तर प्रत्येक सर्व्हिसिंगला ती साफ करून घ्या आणि त्यावर पोतं येणार नाही, हे घरच्या सगळ्यांना सांगा, सालदारालासुद्धा. उन्हाळ्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो, यवतमाळही फार मागे नसतं. गाडी शाळेत दिवसभर उभी राहणार, तर कडुनिंबाखालची जागा पकडा. उष्णता कुठल्याही बॅटरीची वैरीच.

उंदरांचंही मनावर घ्या. अंगणात उभी राहणारी गाडी आणि शेजारी सोयाबीनची थप्पी असली की उंदीर वायरी कुरतडणारच. साध्या गाडीत गावचा वायरमन टेप लावून काम चालवतो. हायब्रिडमध्ये नारिंगी रंगाच्या जाड केबल उच्च दाबाच्या असतात. त्यांना कंपनीच्या शिकलेल्या मेकॅनिकशिवाय कुणीही हात लावायचा नाही, तुम्हीही नाही. त्या गाडीवर काम करणारा असा मेकॅनिक यवतमाळला आहे की अमरावतीला जावं लागेल, हे विकत घेण्याआधी फोन करून विचारून घ्या. दारव्ह्याच्या चौकातला मिस्त्री ब्रेक, टायर, ऑइल बघेल. त्यापुढे त्याने हात घालू नये आणि शहाणा असेल तर तो घालणारही नाही. आणखी एक बारीक गोष्ट : या गाडीत नेहमीची १२ व्होल्टची बॅटरीही असते. ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी 'रेडी' होत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर गाडी झाकून ठेवायची सवय असेल, तर ती मोडावी लागेल.

पाण्याचं मात्र फार बारकाईने बघा. दोन्ही गाड्या नागपूर पासिंगच्या आहेत. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. घरांसमोर उभ्या असलेल्या किती गाड्या त्या रात्री बुडाल्या, ते तुम्ही वर्तमानपत्रात पाहिलं असेल. तेव्हा या दोन्ही गाड्या वर्षभराच्या होत्या. त्या कुठे उभ्या होत्या हे मला सांगता येणार नाही, पण नागपूरची जुनी गाडी घेताना हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. स्ट्राँग हायब्रिडची बॅटरी डिकीच्या तळाशी असते, म्हणजे पाणी शिरलं की तिचा नंबर लवकर लागतो. डिकीतला गालिचा उचलून खालच्या पत्र्याच्या सांध्यांत सुकलेला गाळ आहे का बघा. सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. वरचा हातभर पट्टा पुसलेला असतो, आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर मात्र पाण्याची रेघ तशीच राहते. सीटचे बोल्ट आणि रुळ गंजलेले आहेत का, एसी लावल्यावर पहिल्या मिनिटाला कुबट वास येतो का, हेही पाहा. त्या तारखेच्या पुढे-मागे विम्याचा मोठा क्लेम झाला होता का, ते विचारा. यांतलं काहीही संशयास्पद वाटलं तर किंमत पाडून मागू नका, सरळ उठून या.

मीटरवरच्या ५८ हजारांची खात्री सर्व्हिस सेंटरच्या नोंदींतून होते. प्रत्येक सर्व्हिसिंगच्या तारखेला मीटर किती होतं, ते तिथे मिळतं. तिथेच हायब्रिड सिस्टीमची तपासणी करून छापील अहवाल घ्या. त्यासाठी थोडे पैसे पडतील, ते द्या. डीलर 'आम्ही केली आहे, गरज नाही' म्हणाला, तर तीच तपासणी पुन्हा आपल्यासमोर करायला सांगा. हे सगळं होईपर्यंत इसाराचा एक रुपयाही द्यायचा नाही. 'दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येणार आहे' असं ऐकू येईल, येऊ द्या. चालवून बघताना ट्रिप मीटर शून्य करून निदान ३०-४० किलोमीटर चालवा, त्यातला अर्धा भाग तरी शहराबाहेर. डीलरच्या गल्लीतली एक फेरी म्हणजे चाचणी नव्हे.

आईंच्या गुडघ्यांसाठी म्हणाल, तर दोन्ही ग्रँड विटारांची सीट सारख्याच उंचीवर आहे. गुडघ्यांना इंजिनाशी देणंघेणं नाही. शक्य असेल तर पुढच्या नागपूर फेरीत आईंना सोबत न्या आणि पुढच्या व मागच्या दोन्ही सीटवर बसवून-उतरवून बघा. काही वेळा उंच गाडीत उतरणं सोपं पण चढणं जड जातं.

ते बघताना एखाद्या उभट लहान गाडीतही त्यांना बसवा, वॅगनआरसारख्या. सीट खुर्चीच्या उंचीची, दार मोठं, चढायला पायरी नको. हे सांगायचं कारण असं की २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा कर १८ टक्क्यांवर आला. आधी उपकर धरून तो २९ टक्के होता. ग्रँड विटारासारख्या मोठ्या गाड्यांचा कर ४० टक्के आहे. त्यामुळे १० लाख १० हजारांत तुम्ही जुनी घेणार, त्यापेक्षा कमी पैशांत लहान पण कोरी, पूर्ण वॉरंटीची गाडी दारात येते. हलकी असल्याने ती तुमच्या रस्त्यावर २० च्या जवळ जाईल. २० धरलं तर वर्षाला ७०० लिटर पेट्रोल, साडेत्र्याहत्तर हजार. तेरा लाख साठ हजारांच्या हायब्रिडपेक्षा वर्षाला फक्त पावणेसात हजार जास्त. हायब्रिडशी खरी स्पर्धा या गाडीची आहे आणि डीलर तुम्हाला ती दाखवणार नाही, कारण त्याच्याकडे ती नाही. समृद्धीवर मोठी गाडी जास्त स्थिर वाटते, पाच माणसं आणि सामान असेल तर लहान गाडीत कोंदट होतं, हे मान्य. पण तुमच्या १४ हजारांतले जवळपास दहा हजार किलोमीटर शाळेच्या वाटेवरचे, एकट्याचे आहेत.

माझा क्रम विचाराल, तर पहिली उभट लहान नवी गाडी. आईंना ती जमली नाही, तर गिअरची ग्रँड विटारा, तीही माइल्ड हायब्रिडच्या नावाचे जास्त पैसे न देता, नऊ-साडेनऊपर्यंत खेचून. स्ट्राँग हायब्रिड १२ लाखांच्या आत आली तरच तिसरी. डीलरला फोन करून १२ चा आकडा सांगून ठेवायला काही जात नाही. महिनाभर पडून राहिलेली गाडी खाली येते.

वहिनींच्या ठिबकाबद्दल : त्याला साडेतीन लाख लागतीलच असं नाही. ठिबकाला सरकारी अनुदान आहे आणि त्याचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करता येतो. सातबारा, आठ-अ आणि बँक पासबुक घेऊन कृषी सहायकाकडे जा आणि तुमच्या क्षेत्राला आज किती बसतं ते विचारा. विहिरीला पाणी आहे म्हणता, म्हणजे तो पैसा वावरात मुरेल आणि पऱ्हाटीतून परतही येईल. पतसंस्थेतून काढायचेच असतील, तर त्या कामासाठी काढा.

कुठलीही जुनी गाडी घेतलीत, तर आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते परिवहनच्या अ‍ॅपवर बघा. असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवायचा ३५ नंबरचा फॉर्म हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर मूळ मालकाची सही तुमच्यासमोर व्हावी, कोऱ्या फॉर्मवर आधीच केलेली चालवून घेऊ नका. गाडी नावावर करायचं काम डीलर करणार असेल, तर त्यासाठी काही रक्कम मागे ठेवा आणि नवी आरसी आल्यावर द्या. विमा कंपनीला १४ दिवसांच्या आत कळवून पॉलिसी नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, पण तुमच्या स्विफ्टवर जमलेला तुमचाच राहतो. ती विकताना विमा कंपनीकडून त्याचं पत्र मागून घ्या, नव्या गाडीच्या विम्यात तेवढी सूट मिळेल.